जीवाणूंमधील प्रतिजैविक-प्रतिरोधाची जनुकीय यंत्रणा : उत्परिवर्तन आणि उसनवारी

प्रस्तावना

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा प्रश्न आता केवळ वैद्यकशास्त्रापुरता राहिलेला नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या विषयावर विपुल लेखन होत असले, तरी एका मूलभूत गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. ‘प्रतिरोध’ ही एकच संज्ञा दोन सर्वस्वी भिन्न जनुकीय घटनांसाठी वापरली जाते. पहिल्या घटनेत जीवाणूच्या स्वतःच्याच एखाद्या जनुकात योगायोगाने बदल घडतो आणि औषध निष्प्रभ ठरते. दुसऱ्या घटनेत जीवाणू प्रतिरोधाचे तयार जनुक दुसऱ्या जीवाणूकडून, पुष्कळदा अगदी परक्या जातीच्या जीवाणूकडून, उसने घेतो. रोग्याला कोणती औषधे एकत्र द्यावीत, प्रतिरोध कोणत्या चाचणीने ओळखावा, एखाद्या औषधावर बंदी घातल्याने काय साधेल, या प्रश्नांची उत्तरे या दोन घटनांत वेगवेगळी येतात. प्रस्तुत लेखात क्षयरोगाचा जीवाणू आणि आतड्यात वावरणारे जीवाणू यांच्या उदाहरणांतून हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

औषध आणि बदल : आधी काय?

‘जीवाणूंना औषधाची सवय होते’ हे वाक्य रुग्णालयांतच नव्हे, तर वर्गांतही ऐकू येते. ते सोयीचे असले तरी शास्त्रीयदृष्ट्या दिशाभूल करणारे आहे. सवय व्यक्तीला लागते. येथे व्यक्ती बदलत नाही, समुदायाची घडण बदलते.

या मुद्द्याचा निर्णायक पुरावा साल्वादोर लुरिया व मॅक्स डेलब्र्यूक यांनी १९४३ साली दिला. त्यांनी प्रतिजैविकाऐवजी जीवाणूंचा नाश करणारा विषाणू वापरला होता. मोजक्या जीवाणूंपासून सुरू केलेल्या अनेक छोट्या संवर्धनांची त्यांनी स्वतंत्रपणे वाढ केली आणि त्यानंतर प्रत्येकाचा विषाणूशी संपर्क घडवून किती जीवाणू तगतात, याची मोजणी केली. विषाणूच्या संपर्कामुळे प्रतिरोध उत्पन्न होत असता, तर सर्व संवर्धनांत तगणाऱ्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी शून्य किंवा एक-दोन, आणि क्वचित एखाद्या ठिकाणी घबाड, असे चित्र दिसले. याचा एकच अर्थ संभवत होता. बदल विषाणूच्या भेटीपूर्वीच, वाढीच्या काळात योगायोगाने घडला होता. ज्या संवर्धनात तो लवकर घडला तेथे त्याची संतती मोठी होती.

एस्थर व जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली हीच गोष्ट अधिक सोप्या रीतीने दाखविली. एका तबकडीवरील जीवाणूंच्या वसाहतींचा ठसा त्यांनी मखमलीच्या तुकड्यावर उचलला आणि तो स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या दुसऱ्या तबकडीवर उमटविला. दुसऱ्या तबकडीवर जेथे वसाहत तगली, त्याच जागेवरील मूळ तबकडीतील जीवाणू, म्हणजे औषधाचा वाराही न लागलेले जीवाणू, प्रतिरोधक निघाले. शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत कोठेही शिकविता येईल असा हा प्रयोग आहे. तो अभ्यासक्रमात अनेकदा एका ओळीत उरकला जातो, ही खेदाची बाब होय.

क्षयरोग : स्वतःच्याच जनुकातील अक्षरबदल

पहिल्या प्रकारच्या प्रतिरोधाचे जवळजवळ निर्भेळ उदाहरण म्हणजे क्षयाचा जीवाणू. रोग्यांपासून मिळालेल्या क्षयजीवाणूंत प्रतिरोध वाहून नेणारी प्लाझ्मिडे आढळत नाहीत आणि इतर जीवाणूंकडून जनुके घेऊन ते प्रतिरोधक झाल्याचेही दिसत नाही. त्यांचा औषधप्रतिरोध त्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रातील उत्परिवर्तनांतूनच येतो.

रिफॅम्पिसिनचे उदाहरण घेता येईल. हे औषध डीएनएवरून आरएनएची प्रत काढणाऱ्या विकराला, म्हणजे आरएनए पॉलिमरेजला, चिकटते व प्रत काढण्याचे काम थांबविते. या विकराचा जो घटक औषधाला धरतो, त्याचे जनुक ‘आरपीओ-बी’ या नावाने ओळखले जाते. या लांबलचक जनुकातील केवळ ८१ अक्षरांच्या पट्ट्यात रिफॅम्पिसिन-प्रतिरोधाची सुमारे ९५ टक्के उत्परिवर्तने सापडतात. तेथील एक अक्षर बदलले की एक अमिनो आम्ल बदलते आणि औषधाला बसण्यासाठी असलेली खाच बिघडते. विकराचे स्वतःचे काम मात्र चालू राहते.

आयसोनियाझिडची रीत निराळी आहे. हे औषध मुळात निष्क्रिय असते. जीवाणूचेच ‘कॅट-जी’ या जनुकापासून बनणारे विकर त्याला सक्रिय करते, म्हणजे एका अर्थी जीवाणू स्वतःच आपल्यावरील शस्त्राला धार लावतो. या विकरातील ३१५ व्या स्थानी सेरीनऐवजी थ्रेओनीन आले, की विकर आपले नेहमीचे काम बऱ्यापैकी करते, परंतु औषधाला धार लावत नाही. जगभरातील आयसोनियाझिड-प्रतिरोधक क्षयजीवाणूंत हाच बदल सर्वाधिक आढळतो.

अशी उत्परिवर्तने अत्यंत विरळ असतात, आणि क्षयाच्या उपचारपद्धतीचा पाया या विरळपणावरच रचलेला आहे. ढोबळ मानाने दहा लाख क्षयजीवाणूंत एक आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एक रिफॅम्पिसिनला आधीपासूनच प्रतिरोधक असतो. रोग्याच्या फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जीवाणू असू शकतात. तेव्हा एकटे आयसोनियाझिड दिल्यास शंभरेक जीवाणू हमखास तगतील व पुढे तेच वाढतील. परंतु दोन्ही उत्परिवर्तने परस्परांपासून स्वतंत्र असल्यामुळे ती एकाच जीवाणूत आढळण्याची शक्यता या दोन अंकांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे एक कोटी कोटींत एक, इतकी उतरते. एवढे जीवाणू कोणाही रोग्याच्या शरीरात नसतात. संयुक्त उपचाराची सारी युक्ती या गुणाकारात आहे.

हा गुणाकार कळण्यापूर्वी वैद्यकाने त्याची किंमत मोजली होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५५ क्षयरोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली होती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. औषधाचा विजय झाला असे वाटत असतानाच पहिल्या गटातील तपासलेल्या बहुतेक रोग्यांच्या जीवाणूंत प्रतिरोध दिसू लागला, आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंत फारसे अंतर उरले नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल दिल्यास प्रतिरोध पुष्कळ रोखता येतो, हे १९५० पर्यंत सिद्ध झाले.

गुणाकार कसा मोडतो याचे दर्शन मुंबईत घडले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे आढळले होते. सुमारे दोन दशकांनी झालेल्या अशाच पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या औषधयोजना लिहिल्या; अचूक औषधयोजना त्यांपैकी केवळ ६ डॉक्टरांनी लिहिली होती. औषधांची मात्रा चुकली, त्यांतील एखादे मध्येच थांबले, किंवा निष्फळ ठरत असलेल्या उपचारात फक्त एका नव्या औषधाची भर घातली, तर कागदावर चार औषधे असूनही जीवाणूंच्या दृष्टीने ती एकाच औषधाची चिकित्सा असते. अशा प्रत्येक खेपेला एकेक उत्परिवर्तन निवडले जाते आणि आधीच्या उत्परिवर्तनावर रचले जाते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी, चाचणी केलेल्या सर्व औषधांना प्रतिरोधक ठरलेल्या क्षयाच्या चार रोग्यांची नोंद २०१२ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या उपचारांच्या इतिहासात हीच साखळी दिसली. ‘संपूर्ण औषधप्रतिरोधक क्षय’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली नाही. संज्ञेवरच्या वादाने रोग्यांची परिस्थिती मात्र बदलत नव्हती.

प्रतिरोध ठरावीक अक्षरांत असल्याचा एक लाभही आहे. ती अक्षरे वाचली की प्रतिरोध ओळखता येतो. जीवाणूंची वाढ होण्यासाठी अनेक आठवडे थांबण्याऐवजी ८१ अक्षरांचा तो पट्टा काही तासांत तपासणारी जीनएक्स्पर्ट चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली स्वीकारली. गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्सची बॅटरीवर चालणारी ट्रूनॅट चाचणीही याच जनुकाकडे पाहते, आणि तिला २०२० साली संघटनेची मान्यता मिळाली. या मूळ चाचण्या रिफॅम्पिसिनपुरते बोलतात, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. ‘कॅट-जी’मधील बदल तेथे दिसत नाही.

जपानमधील आमांश आणि ‘संसर्गजन्य आनुवंशिकता’

दुसऱ्या प्रकारच्या प्रतिरोधाची ओळख जपानमध्ये पटली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शिगेला जीवाणूंमुळे होणाऱ्या आमांशावर प्रथम सल्फा औषधे व नंतर स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके वापरली जात होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या चारही औषधांना एकाच वेळी प्रतिरोधक असलेले शिगेला सापडू लागले. क्षयाचा हिशेब येथे लावला, तर चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जीवाणूत येण्याची शक्यता शून्यवत होती. चमत्कारिक बाब अशी, की ज्या रोग्यांना केवळ क्लोरॅम्फेनिकॉल दिले होते, त्यांच्या शौचातही चारही औषधांना न जुमानणारे जीवाणू आढळले. त्याच रोग्यांच्या आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलाय जीवाणूही त्याच चार औषधांना प्रतिरोधक होते.

अकिबा आणि ओचिआइ या संशोधकांच्या गटांनी १९५९ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले, की हा प्रतिरोध ई. कोलायकडून शिगेलाकडे दोन पेशींच्या संपर्कातून जातो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत लिहिलेल्या आढाव्यात या घटनेला ‘संसर्गजन्य आनुवंशिकता’ असे म्हटले. तोवर पाश्चात्त्य संशोधकांनी जपानी भाषेतील या कार्याची फारशी दखल घेतलेली नव्हती.

या संक्रमणाचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड, गुणसूत्राहून वेगळे, स्वतःची प्रत स्वतः काढू शकणारे, डीएनएचे बहुधा वर्तुळाकार वेटोळे. संयुग्मनात दात्या पेशीपासून निघालेला तंतू दुसऱ्या पेशीला जवळ ओढतो, प्लाझ्मिडाच्या दोन धाग्यांपैकी एक धागा एका ठरावीक ठिकाणी तुटून पलीकडे सरकतो आणि दोन्ही पेशींत एकेका धाग्यावरून पूर्ण प्लाझ्मिड तयार होते. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तसा हा व्यवहार आहे. देणाऱ्याचे काही कमी होत नाही. ‘उसनवारी’ हा शब्द त्यामुळे पूर्णतः चपखल नाही, कारण परतफेड कधीच होत नाही.

प्लाझ्मिडावर जनुके येतात कोठून, याचा उलगडा पुढे टप्प्याटप्प्याने झाला. हेजेस आणि जेकब यांनी १९७४ साली अ‍ॅम्पिसिलिन-प्रतिरोधाचे जनुक एका प्लाझ्मिडावरून दुसऱ्यावर उडी घेते असे दाखविले व अशा उडणाऱ्या डीएनए-खंडाला ट्रान्सपोझॉन हे नाव दिले. स्टोक्स आणि हॉल यांनी १९८९ साली इंटेग्रॉनचे वर्णन केले. हा डीएनएचा असा खंड आहे, की जो सुटी जनुके पकडून रेल्वेच्या डब्यांप्रमाणे एकामागोमाग एक जोडतो आणि सर्वांना पुढे एकच इंजिन लावतो. या रचनेमुळे एका प्लाझ्मिडावर पाच-सहा औषधवर्गांविरुद्धची जनुके सहज नांदू शकतात.

ही जनुके माणसाच्या औषधनिर्मितीहून कितीतरी जुनी आहेत. कॅनडातील युकॉन प्रदेशाच्या गोठलेल्या मातीतून मिळालेल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या डीएनएमध्ये पेनिसिलिनवर्गीय औषधे, टेट्रासायक्लिन व व्हँकोमायसिन यांच्याविरुद्धची जनुके आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. यात नवल नाही. बहुतेक प्रतिजैविके मातीतील जीवाणू व बुरशीच निर्माण करतात, आणि विष तयार करणाऱ्याजवळ त्यावरील उताराही असावा लागतो. पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या विकराचे वर्णन तर अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच, म्हणजे हे औषध दवाखान्यांत पोहोचण्यापूर्वी, केले होते.

गुणाकार जेथे चालत नाही

उसन्या जनुकांमुळे संयुक्त उपचाराचे गणित कोसळते. अनेक प्रतिरोध-जनुके एकाच प्लाझ्मिडावर असतील, तर ती स्वतंत्र घटना राहत नाहीत. एक मिळाले की सर्व मिळतात. शिवाय त्यांपैकी कोणत्याही एका औषधाचा वापर चालू राहिला, की न वापरलेल्या औषधांविरुद्धची जनुकेही आपोआप जपली जातात.

ब्रिटनमधील सल्फोनामाइडचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९९१ ते १९९९ या काळात तेथे या औषधाच्या चिठ्ठ्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्या. लंडनमधील एका रुग्णालयात तपासलेल्या ई. कोलाय जीवाणूंतील सल्फोनामाइड-प्रतिरोध मात्र घटला नाही. तो सुमारे ४० टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेला. औषध गेले, जनुक राहिले, कारण ते इतर जनुकांच्या संगतीत होते.

याच्या उलट अनुभव कोलिस्टिनचा. इतर औषधे हरल्यावर वापरावयाच्या या औषधाविरुद्धचा प्रतिरोध २०१५ पर्यंत केवळ गुणसूत्रातील उत्परिवर्तनांतून येतो, अशी समजूत होती. त्या वर्षी चिनी संशोधकांनी डुकरातील ई. कोलायमध्ये प्लाझ्मिडावरील ‘एमसीआर-१’ हे जनुक आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्या पहिल्या प्लाझ्मिडावर दुसरे कोणतेही प्रतिरोध-जनुक नव्हते. चीनने २०१७ साली जनावरांच्या वाढीसाठी कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली, तेव्हा डुकरांतील कोलिस्टिन-प्रतिरोधक ई. कोलायचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांवर आले. भारतानेही २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनचा वापर बंद केला. औषधबंदीने प्रतिरोध हटतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर जनुकाच्या शेजारी कोण बसले आहे यावर बरेचसे अवलंबून असते, असे या दोन अनुभवांवरून म्हणता येते.

एनडीएम-१ ची कथा भारतीय वाचकांस ठाऊक आहे, परंतु ती बहुधा नावापुरतीच. स्वीडनमधील भारतीय वंशाच्या ज्या रोग्याच्या क्लेब्सिएला जीवाणूत हे जनुक २००८ साली आढळले, त्याच्यावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते; म्हणून जनुकाच्या नावात शहराचे नाव आले आणि राष्ट्रीय अस्मितेचा वाद पेटला. नाव अनुचित होते, ही तक्रार रास्त होती. मात्र त्या गदारोळात अधिक महत्त्वाची नोंद झाकली गेली. मुंबईतच २००९ साली तीन महिन्यांत गोळा केलेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधक जीवाणूंपैकी २२ जीवाणूंत एनडीएम-१ सापडल्याचे भारतीय डॉक्टरांनीच २०१० साली भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. पुढे २०११ साली दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत हे जनुक आढळले. क्षयाचा प्रतिरोध माणसाच्या फुप्फुसात घडतो व हवेतून दुसऱ्या माणसाकडे जातो. हा प्रतिरोध गटारातही वस्ती करतो व जीवाणूच्या एका जातीतून दुसरीत जातो.

‘औषधाचा कोर्स पूर्ण करा’ हा उपदेशही या प्रकाशात तपासून पाहावा लागतो. क्षयासाठी तो अक्षरशः खरा आहे, कारण तेथे रोगजनक जीवाणूंतीलच विरळ उत्परिवर्तक रोखावयाचे असतात. सर्वसाधारण संसर्गांत मात्र औषधाचा मारा प्रामुख्याने सोसतात ते आतड्यातील सहनिवासी जीवाणू, आणि औषध जितके दिवस घेतले जाईल तितके दिवस त्यांच्यातील प्लाझ्मिडधारकांना निवडीचा लाभ मिळतो. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही तज्ज्ञांनी हाच मुद्दा मांडला, आणि न्यूमोनियासारख्या अनेक संसर्गांत कमी दिवसांचे उपचार तितकेच गुणकारी ठरल्याचे दाखले आहेत. उपचाराचे दिवस ठरविणे हे अर्थात डॉक्टरांचे काम आहे, रोग्याचे नव्हे. परंतु क्षयाचे सूत्र सर्वत्र लावणे शास्त्राला धरून नाही.

दोन वाटांचा संगम : विषमज्वर

या दोन्ही वाटा एकाच जीवाणूत कशा मिळतात, हे पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात २०१६ च्या अखेरीस सुरू झालेल्या विषमज्वराच्या साथीने दाखवून दिले. या जीवाणूच्या गुणसूत्रात सिप्रोफ्लॉक्सासिनची धार बोथट करणारे उत्परिवर्तन होते. क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन व कोट्रायमॉक्सॅझोल या जुन्या औषधांविरुद्धची उसनी जनुके त्याच्या गुणसूत्रातच कायमची वस्ती करून होती. अशा जीवाणूने आणखी एक प्लाझ्मिड मिळविले आणि त्यावरील ‘सीटीएक्स-एम-१५’ या जनुकाने सेफ्ट्रिॲक्सोनही निकामी केले. जनुकक्रमाच्या तपासणीवरून हे प्लाझ्मिड ई. कोलायकडून आले असावे, असे दिसते. तोंडाने घ्यावयाच्या औषधांपैकी अ‍ॅझिथ्रोमायसिन तेवढे भरवशाचे उरले.

विषमज्वरावरील संयुग्मित लस सार्वजनिक कार्यक्रमातून प्रथम देणाऱ्यांत नवी मुंबई महानगरपालिका होती. २०१८ साली तिने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सिंधमधील हैदराबादेतही साथीच्या काळात हीच लस वापरली गेली, आणि तेथील पाहणीत ती प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या विषमज्वराविरुद्ध ९५ टक्के, तर बहुप्रतिरोधक साथीच्या जीवाणूविरुद्ध ९७ टक्के परिणामकारक ठरली. या लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे जीवाणूच्या बाह्य आवरणातील ‘व्हीआय’ या शर्करेला ओळखतात, आणि वर वर्णिलेले एकही प्रतिरोध-जनुक त्या आवरणात बदल करीत नाही.